डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा

गेल्या महिन्यात जनावरांच्या दुखण्यांवरच्या या सदरात एका पत्राला उत्तर देताना मी ‘तिसरी पापणी’ हा शब्द ओझरता वापरला आणि पुढे गेले. त्यानंतर आलेल्या पत्रांमध्ये निम्मी पत्रं त्या एका शब्दावर आहेत. काहींना वाटलं छापण्यात चूक झाली, काहींनी घरातल्या मांजरीचा डोळा निरखून पाहिला आणि घाबरून पत्र लिहिलं. म्हणून या वेळी फक्त डोळ्यांची पत्रं घेतली आहेत. खरूज आणि गोचिडांच्या पत्रांना पुढच्या अंकात उत्तर देईन.

प्रश्न : आमच्या मनीच्या दोन्ही डोळ्यांवर चार दिवसांपासून नाकाकडच्या बाजूनं पांढरट पडदा आला आहे. अर्धा डोळा झाकला जातो. शेजारच्या काकू म्हणतात, फूल पडलंय. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घरात होते, ते दोन दिवस घातले. काही फरक नाही. मनी दीड वर्षाची आहे. खाते, खेळते, पण शी पातळ होते आहे. तिला दिसेनासं होईल का?
(एक वाचक, मांजलपूर, बडोदा)

उत्तर : आधी ते थेंब बंद करा. हे वाचताय त्या क्षणापासून. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात त्या थेंबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. मनीच्या बुबुळावर एखादा बारीक ओरखडा असेल, तर स्टेरॉइडमुळे तो भरून येत नाही, उलट खोल जातो. ओरखड्याचं भोक होऊन डोळा गेलेला मी पाहिला आहे. त्या घरातल्या माणसांचा हेतू तुमच्यासारखाच चांगला होता.

आता काकूंच्या ‘फुला’बद्दल. फूल बुबुळावर पडतं, डोळ्याच्या मधल्या काळ्या भागात, आणि जिथे पडलं तिथेच राहतं. मनीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या आणि टॉर्च समोरून न मारता बाजूनं धरा. पडद्याची कड नाकाकडच्या कोपऱ्यातून निघालेली दिसेल, एकसारखी, गुळगुळीत. मनीनं डोळा हलवला की तीही थोडी सरकेल. हे फूल नव्हे. ही तिची स्वतःची तिसरी पापणी आहे, जन्मापासून असलेली. एरवी ती कोपऱ्यात घडी करून बसलेली असते, म्हणून तुम्हाला कधी दिसली नाही. मांजर गाढ झोपेतून अर्धवट उठलं की क्षणभर दिसते आणि लगेच मागे जाते.

पुस्तकात हिला निमेषक पटल म्हणतात. निमिष म्हणजे पापणी लवण्याचा वेळ, त्यावरून आलेला शब्द. मला तो आवडतो, पण दवाखान्यात चाळीस वर्षं ‘तिसरी पापणी’ असंच म्हणत आले.

ती बाहेर कशी येते हे कळलं, की मनीचं काय चाललंय हे अर्धं कळेल. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यामागे चरबीची गादी असते आणि डोळा आत ओढून घेणारा एक स्नायू असतो. डोळ्याकडे काही येताना दिसलं किंवा डोळा दुखला की तो स्नायू डोळा आत ओढतो, मागची चरबी दाबली जाते आणि ती कोपऱ्यातून पापणीला पुढे ढकलते. गव्हाच्या पोत्यात मूठ खुपसली की बाजूचे गहू वर येतात ना, तसंच. पापणी काचेवरून फडकं फिरावं तशी बुबुळावरून सरकते, धूळ पुसते, अश्रू सारखे पसरते. तिच्या आत कूर्चेचा एक तुकडा असतो, इंग्रजी टी अक्षरासारखा. त्यानं तिचा आकार टिकतो, ती चुरगळत नाही.

ती मागे राहावी यासाठी शरीराला सतत थोडं काम करावं लागतं. एक मज्जातंतू तिला मागे धरून ठेवतो. चरबीची गादी जाडजूड असली की डोळा पुढे राहतो आणि पापणी कोपऱ्यात. जनावर आजारलं, पाणी कमी झालं, वाळलं, की गादी बसते, डोळा आत जातो आणि पापणी सरकून बाहेर दिसायला लागते. म्हणून दोन्ही डोळ्यांवर एकदम पडदा दिसला तर मी आधी डोळे बघत नाही. पोट बघते, हिरड्या बघते, मानेची कातडी चिमटीत उचलून सोडते. कातडी लगेच सपाट झाली नाही तर अंगात पाणी कमी आहे.

मनीचं वय, पातळ शी आणि बाकी सगळं ठीक असणं, हे चित्र आमच्या ओळखीचं आहे. तरुण मांजरांना पोट बिघडल्यावर किंवा जंत झाल्यावर दोन्ही पापण्या बाहेर येतात. पोट सुधारतं, तरी पापण्या मागे जायला कधीकधी महिना-दीड महिना लागतो. मग जातात, आपल्या आपण. तुम्ही एवढं करा : आजची शी एका छोट्या डबीत घेऊन जवळच्या पशुवैद्याकडे जा. जंतांचं औषध वजन करून द्यायचं असतं, अंदाजानं नाही. आणि मनी मलूल झाली तर घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे, अर्धी गोळीसुद्धा.

एकाच डोळ्यावर पडदा असता, तर मी तुम्हाला हे सगळं वाचत बसू दिलं नसतं. एकच डोळा म्हणजे बहुधा त्या डोळ्याचंच काहीतरी : नख लागलंय, बुबुळावर जखम आहे, पापणीखाली काही अडकलंय. आपल्याकडे दिवाळीनंतर गवत वाळतं तेव्हा कुसळं फार. कुत्रा मोकळ्या मैदानातून नाक खुपसत येतो आणि कुसळ तिसऱ्या पापणीच्या आतल्या बाजूला जाऊन बसतं. बाहेरून काही दिसत नाही, फक्त डोळा मिटलेला आणि पाणी. भुलीचा थेंब घालून चिमट्यानं पापणी उलटली की मागून हिरवट काडी निघते. ती काढल्यावर कुत्रा डोळा उघडून असा बघतो की त्या दिवशी जेवण गोड लागतं. पण दोन-तीन दिवस उशीर झाला तर तेवढ्यात कुसळानं बुबुळ खरवडलेलं असतं. म्हणून एकाच डोळ्याला त्याच दिवशी दाखवा. डॉक्टर एक नारिंगी पट्टी डोळ्याला लावतील. जखम असेल तिथे ती हिरवी चमकते.

आणि कधी दुखणं डोळ्यात नसतंच. पापणीला मागे धरणारा तो मज्जातंतू मेंदूतून निघतो, छातीपर्यंत खाली उतरतो आणि मानेतून, कानाच्या आतल्या भागाजवळून परत वर डोळ्याकडे जातो. एवढा लांबचा वळसा. वाटेत कुठेही दुखापत झाली तरी खूण डोळ्यात. दांडिया बाजारातल्या एका बोक्याची एका बाजूची तिसरी पापणी बाहेर, त्याच डोळ्याची बाहुली बारीक, वरची पापणी लोंबलेली. मालक डोळ्यात मलम घालून थकले होते. कान उघडून पाहिला तर आत पू. कानाचा इलाज केला आणि काही आठवड्यांनी डोळा सरळ झाला.

तिसऱ्या पापणीकडून मी सगळ्यात जास्त शिकले ते पाणीगेटजवळच्या एका घोडीपाशी. वरातीची घोडी, पांढरी. मालकानं सांगितलं, दोन दिवस खात नाही, ताठ चालते. मी नवी होते, १९७६ साली आणंदच्या कॉलेजातून बाहेर पडले होते, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बरोबरच्या जुन्या कंपाउंडरांनी मला काही न सांगता घोडीच्या हनुवटीखाली हलकेच टिचकी मारली. दोन्ही डोळ्यांवरून तिसरी पापणी सर्रकन आली आणि गेली. ते म्हणाले, “बेन, धनुर्वात.” खुरात खिळा रुतला होता, आठवड्यापूर्वी. धनुर्वातात डोळा आत ओढणारा स्नायूही आखडतो, म्हणून जरा आवाज झाला, स्पर्श झाला की पापणी झपकन पुढे येते. घोडी तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून घोडा, गाढव, बैल, कोणाच्याही खुराला जखम झाली की मी धनुर्वाताची लस विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

प्रश्न : आमच्या पाच महिन्यांच्या बीगलच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल, वाटाण्याएवढी गाठ आली. डॉक्टर म्हणाले, चेरी आय आहे, कापून टाकू, दहा मिनिटांचं काम. खर्चही कमी आहे. कापावं का?
(एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : नका कापू. तुमच्या डॉक्टरांशी माझं भांडण नाही, पण हे उत्तर मी अगदी स्पष्ट देणार आहे, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

ती लाल गाठ म्हणजे गाठ नाही. तिसऱ्या पापणीच्या बुडाशी एक अश्रूग्रंथी असते. काही जातींमध्ये, म्हणजे बीगल, कॉकर स्पॅनिअल, बुलडॉग, ल्हासा आप्सो, शिह त्झू, तिला खाली बांधून ठेवणारं पेशीजाल कच्चं असतं. पिल्लू लहान असतानाच ती ग्रंथी उलटून वर येते आणि हवेनं, धुळीनं सुजून लाल होते. दिसायला नको असलेला मांसाचा गोळा, पण कुत्र्याच्या डोळ्यातल्या अश्रूंचा एक तृतीयांश ते निम्मा वाटा हीच ग्रंथी बनवते. ती कापली की तेवढं पाणी आयुष्यभरासाठी गेलं.

१९८६ मध्ये रावपुऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा कॉकर माझ्याकडे आला. नाव मोती. वय सात महिने, दोन्ही डोळ्यांत चेरी. त्या काळी बरेचजण ती कापतच असत आणि मीही कापली. कात्रीनं, दोन्ही बाजू, पाऊण तासात. टाकेही घालावे लागले नाहीत. आठ दिवसांनी डोळे इतके सुंदर दिसत होते की मास्तरांनी पेढे आणले. मी ते पेढे खाल्ले.

चार वर्षांनी मोती परत आला. डोळ्यांत पिवळट, चिकट घाण, सकाळी पापण्या चिकटलेल्या, बुबुळावर तपकिरी थर चढायला लागलेला. मी प्रयोगशाळेतल्या गाळणकागदाची बारीक पट्टी कापून खालच्या पापणीत अडकवली आणि घड्याळ लावलं. चांगल्या डोळ्यात एका मिनिटात पंधरा मिलिमीटर किंवा जास्त पट्टी भिजते. मोतीची उजवीकडे तीन भिजली, डावीकडे दोन. कोरडा डोळा. आज त्यासाठी सायक्लोस्पोरिनचं मलम मिळतं, उरलेल्या ग्रंथीला त्यानं जाग येते. तेव्हा ते आमच्या हातात नव्हतं. मास्तर दर दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायचे, रात्री गजर लावून उठायचे. सहाव्या वर्षी मोती पूर्ण आंधळा झाला आणि तसा आणखी पाच वर्षं जगला, घराच्या कोपऱ्या-कोपऱ्याचा अंदाज घेत. मास्तर मला कधी एक शब्द बोलले नाहीत. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाले, “तुम्हाला जे ठाऊक होतं ते तुम्ही केलंत.” मला ते आजही पुरत नाही. ज्याला आता ठाऊक आहे त्यानं तरी कापू नये, एवढ्यासाठी मी हे लिहिते आहे.

बरोबर इलाज असा : ग्रंथी जागेवर परत बसवायची. तिसऱ्या पापणीच्या आतल्या बाजूला, ग्रंथीच्या वर-खाली दोन छेद देऊन एक खिसा करतात, ग्रंथी त्यात ढकलतात आणि केसापेक्षा बारीक, आपोआप विरघळणाऱ्या दोऱ्यानं खिसा शिवतात. पूर्ण भूल लागते. नंतर दहा ते चौदा दिवस गळ्यात तो प्लास्टिकचा कोन, डोळ्यात थेंब, आणि पंजानं डोळा चोळू द्यायचा नाही. खर्च कापण्यापेक्षा जास्त येतो हे खरं. कधी ग्रंथी परत वर येते आणि पुन्हा शिवावं लागतं, हेही सांगून ठेवते. डाव्या डोळ्यावरही लक्ष ठेवा, एकीकडे आली की पुढच्या काही महिन्यांत दुसरीकडे येण्याची शक्यता असते.

दरम्यान ग्रंथी कोरडी पडू देऊ नका. डॉक्टरांनी दिलेलं वंगणाचं जेल लावा. आणि त्यांना सरळ विचारा, “तुम्ही खिसा करून शिवता का?” शिवत नसतील तर जे शिवतात त्यांच्याकडे पाठवा म्हणा. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. मी स्वतः दोन वर्षं अशी जनावरं आणंदला पाठवत होते, मग शिकून घेतलं.

प्रश्न : पादरा गावाजवळ आमच्या दोन गाई आहेत. एकीच्या डोळ्यातून सारखं पाणी येतं. परवा डोळ्यात पांढरा दोरा वळवळताना दिसला. गावातला एक जण म्हणतो, कोपऱ्यातली कातडी कापली की त्रास संपेल.
(एक पशुपालक)

उत्तर : तो दोरा म्हणजे जंत. साधारण एक-दोन सेंटिमीटर लांब, तिसऱ्या पापणीच्या मागे राहतो, कारण तिथे ऊब आहे, ओल आहे आणि कोणी पुसत नाही. माश्या गाईच्या डोळ्यावर बसून अश्रू पितात, त्याच एका गाईचा जंत दुसरीकडे नेतात. तेव्हा दुसऱ्या गाईचे डोळेही तपासून घ्या.

कापू देऊ नका. तुमच्या पशुवैद्याला बोलवा, भुलीचे थेंब घालून तो जंत चिमट्यानं काढेल, डोळा धुवेल आणि जंताचं इंजेक्शन देईल. शेण रोज हटवा, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करा, माश्या कमी झाल्या की फेरा तुटतो.

कातडी कापायची वेळ एकाच कारणानं येते. तिच्या कडेवर फुलकोबीसारखी खरखरीत, रक्ताळणारी वाढ दिसली तर ती कर्करोगाची असू शकते, विशेषतः डोळ्याभोवती पांढरी कातडी असलेल्या जनावरांत. तेव्हा पापणी काढावी लागते, आणि लवकर काढलेली बरी.

प्रश्न : उत्तरायणात आम्ही मांज्यानं जखमी झालेले पक्षी गोळा करतो. या वेळी एक गव्हाणी घुबड मिळालं. पंख कापलेला. त्याच्या डोळ्यावर सारखा पांढुरका पडदा येत-जात होता. डोळाही गेला का?
(एक स्वयंसेवक, वाडी)

उत्तर : येत-जात होता ना? मग बहुतेक डोळा चांगला आहे. पक्षी पापण्या मिटतात त्या मुख्यतः झोपायला. जागेपणी डोळा ओला ठेवायचं, पुसायचं काम तिसरी पापणीच करते, आणि तीही कुत्र्या-मांजरासारखी मागून ढकलली जात नाही. पक्ष्यात तिला ओढायला दोन खास स्नायू असतात. एकाची बारीक दोरी दुसऱ्याच्या पट्ट्यातून, आडाच्या रहाटावरून जावी तशी, डोळ्यामागून वळून पुढे येते. मधून डोळ्याची मुख्य नस जाते, तिच्यावर ताण येऊ नये म्हणून हा वळसा. शरीरशास्त्राच्या तासाला कोंबडीचा डोळा उघडून ही दोरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सरांना दोनदा विचारलं, हे खरंच असं असतं? कमाटीबागेतला सुतारपक्षी चोच खोडावर आदळण्याच्या क्षणभर आधी हीच पापणी मिटतो. उडालेला भुसा डोळ्यात जात नाही.

मांज्यापुढे मात्र तिचं काही चालत नाही. काचेच्या पुडीनं धार लावलेला दोरा पापणीसकट बुबुळ चिरतो. पडदा येत-जात नसेल, अर्ध्यावरच अडकला असेल, किंवा डोळा कोरडा, निस्तेज दिसत असेल, तर ते धक्क्याचं किंवा जखमेचं लक्षण आहे. मांजा ओढून काढू नका, दोन्हीकडून कात्रीनं कापा आणि गुंतलेला तुकडा तसाच राहू द्या. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. भोकं पाडलेल्या अंधाऱ्या खोक्यात जुनं कापड घालून ठेवा आणि केंद्रावर न्या. तुम्ही मुलं १४ आणि १५ जानेवारीला गच्चीवरचा आनंद सोडून हे करता, मी दरवर्षी बघते. हातमोजे घालत जा, घुबडाचे पंजे हाडापर्यंत रुततात.

प्रश्न : माणसाला तिसरी पापणी का नाही?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर : तिची खूण आहे. आरशात बघा. नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबी मांसाचा ठिपका आहे, तो वेगळा. त्याच्या अगदी बाजूला, डोळ्याच्या पांढऱ्या भागाकडे, चंद्रकोरीसारखी बारीक घडी दिसेल. तीच. डार्विननं १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीवर लिहिताना हिचा उल्लेख अशा अवशेषांत केला आहे. ती हलत नाही, पण निरुपयोगीही नाही. डोळा बाहेरच्या बाजूला वळतो तेव्हा ही घडी उलगडते, म्हणून आतलं आवरण ताणलं जात नाही. आपल्याला हात आहेत, डोळ्याकडे काही आलं की आपण हात आडवा धरतो. गाईला तो नाही.

याच वाचकांनी सापाबद्दलही विचारलं आहे. सापाला पापणीच नाही, पहिली नाही, दुसरी नाही, तिसरीही नाही. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो. कात टाकायच्या आधी तो दुधाळ होतो आणि त्याचा वरचा थर कातीबरोबर निघून जातो. भिंतीवरच्या पालीचंही तसंच. ती तर जिभेनं डोळा चाटून पुसते. मासेही पापण्या लववत नाहीत. संस्कृतात देवांना अनिमिष म्हणतात आणि माशालाही अनिमिषच. स्वयंवरात नलासारखेच दिसणारे देव दमयंतीनं ज्या खुणांवर ओळखले, त्यांतली एक हीच, त्यांची पापणी लवत नव्हती.

प्रश्न : डॉक्टर आजी, मी सहावीत आहे. मी आणि माझी आजी काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून विश्वामित्रीतली मगर बघतो. ती पाण्यात जाताना डोळे मिटते का? मग तिला दिसतं कसं? आणि नक्राश्रू खरे असतात का?

उत्तर : तुझं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण मला त्यात रमायचं होतं.

मगर पाण्यात बुडी मारते तेव्हा घर बंद करून गावाला जावं तसं सगळं मिटून घेते. नाकपुड्या मिटते. कानांवर झडप पडते. घशात एक पडदा आहे, तो लावते, म्हणजे तोंड उघडलं तरी पाणी आत जात नाही. आणि डोळ्यावर पुढच्या कोपऱ्यातून मागे तिसरी पापणी ओढते. पण ही पापणी मनीमाऊसारखी पांढरी नसते. ती आरपार दिसणारी असते. म्हणून डोळा झाकलेला असूनही उजेड आत जातो.

मी ती जवळून पाहिली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी नदीकाठी पकडलेल्या एका मगरीच्या पायाला जखम होती, टाके घालायला मला बोलावलं. तिचे डोळे ओल्या गोणपाटानं झाकले होते. मगरीला दिसेनासं झालं की ती शांत राहते. टाके झाल्यावर मी गोणपाटाचा कोपरा उचलला. पिवळसर हिरवा डोळा, मधे उभी काळी चीर, आणि त्यावरून काचेचा एक तुकडा हळूच मागे सरकला, परत आला. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. दोन्ही बाजूंनी तिला धरून बसलेली माणसं म्हणाली, “बेन, जल्दी.”

आता तिला दिसतं का? थोडं दिसतं, पण धूसर. तू पोहताना पाण्यात डोळे उघडून बघ, सगळं पुसट दिसेल. हवेत डोळ्याचं बुबुळ प्रकाश वाकवून चित्र स्पष्ट करतं, पाण्यात त्याला ते जमत नाही. मगरीचंही तसंच आहे. पाण्याखाली ती डोळ्यांवर फारशी विसंबत नाही. तिच्या जबड्यावर बारीक काळे ठिपके असतात, पुढच्या वेळी फोटो काढून मोठा करून बघ. मासा हलला की पाण्यात जी लाट उठते ती त्या ठिपक्यांना कळते. मग पापणी कशाला? तर विश्वामित्रीचा गाळ, माशाचे काटे, धडपडणाऱ्या शिकारीचे पाय यांच्यापासून डोळा वाचवायला. रात्री मात्र तिचे डोळे फार उपयोगी. वनखात्याची माणसं मगरी मोजायला रात्री टॉर्च घेऊन जातात, कारण तिच्या डोळ्यात मागे एक चमकदार थर असतो आणि तो उजेड परत फेकतो.

नक्राश्रू खरे असतात. मगरीच्या डोळ्यात अश्रूग्रंथी आहेत, आणि ते पाणी तिसऱ्या पापणीखाली पसरतं, म्हणजे पापणी घासली जात नाही. मगर बराच वेळ उन्हात पडली की डोळ्याच्या कडेला ओल दिसते. तिच्या भाऊबंदांना, अ‍ॅलिगेटर आणि केमन यांना, खाताना डोळ्यातून फेस येताना पाहिलं गेलं आहे. दुःखाचा त्यात काही संबंध नाही. म्हण माणसांनी माणसांसाठी केली, मगरीला त्यात ओढली.

तुला एक काम देते. मगर रोज दिसत नाही, कबुतर दिसतं. गॅलरीत मूठभर ज्वारी टाक आणि आजीच्या मोबाइलवर स्लो मोशन लावून कबुतराच्या डोळ्याचा व्हिडिओ घे. दाणा टिपताना डोळ्यावरून काय जातं, कोणत्या बाजूनं येतं, ते लिहून पाठव. पावसाळ्यात बेडूक सापडला तर त्याचाही घे. त्याचा पडदा खालून वर येतो.

आणि पुलावर आजीचा हात धर. कठड्यावर पोटानं ओणवायचं नाही, आणि मगरीसाठी खाली काही टाकायचं नाही, पावाचा तुकडासुद्धा नाही.